हे स्तोत्र नेमके कशाचे?

ग्रंथाचा गाभा काढून लोकांच्या हातात ठेवायचा, ही वर्ध्याची जुनी सवय आहे. जानेवारी १९२३ मध्ये विनोबा भाव्यांनी इथून ‘महाराष्ट्र धर्म’ सुरू केले, तेव्हा त्यात ते तुकोबांचा एकेक अभंग घेऊन त्यावर लिहीत. ते लेख पुढे ‘संतांचा प्रसाद’ या नावाने पुस्तकात आले. नंतरच्या आयुष्यात विनोबांनी हेच काम मोठ्या मांडावर केले. धम्मपदाच्या ४२३ गाथांचा मूळ क्रम बाजूला ठेवून त्या विषयवार लावल्या आणि त्या मांडणीला ‘नवसंहिता’ म्हटले. कुराण-सार झाले, भागवत-धर्म-सार झाले, ख्रिस्त-धर्म-सारही झाले. तिकडे वर्ध्यातल्याच मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती घरातले. त्यांनी येशूच्या शिकवणीचा अर्थ रोजच्या व्यवहाराच्या आणि अर्थकारणाच्या अंगाने लावला. त्या पुस्तकाला गांधीजींनी प्रस्तावना दिली.

विनोबांचे ख्रिस्त-धर्म-सार प्रामुख्याने नव्या करारावर उभे आहे. बायबलच्या जुन्या करारात मात्र असा एक ग्रंथ आहे, ज्याला ही सार काढण्याची पद्धत लावायचा मोह कुणालाही व्हावा आणि जो त्या पद्धतीला सहज दाद देत नाही. मराठी बायबलात त्याचे नाव स्तोत्रसंहिता. एकूण १५० स्तोत्रे. सर्वांत लहान ११७ वे, अवघ्या दोन वचनांचे. सर्वांत लांब ११९ वे, १७६ वचनांचे. हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांपैकी प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचने, असा त्याचा बांधा. रचना शेकडो वर्षांच्या काळात पसरलेली, रचणारे अनेक. आणि चर्चमध्ये, अभ्यासवर्गात, घरच्या प्रार्थनेत हमखास येणारा प्रश्न एकच: हे स्तोत्र नेमके कशाचे?

सोपे उत्तर छापील पुस्तकातच असते. आजच्या बहुतेक मराठी बायबलांत प्रत्येक स्तोत्राच्या डोक्यावर एक मथळा असतो. तो वाचला की विषय कळला असे वाटते. पण हे मथळे संपादकांनी वाचकाच्या सोयीसाठी घातलेले आहेत. मूळ हिब्रूत ते नाहीत. मूळचे शिरोलेख निराळे. त्यांत ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना असते, वाद्याचे किंवा चालीचे नाव असते आणि बऱ्याचदा एखादे माणसाचे नाव. ७३ स्तोत्रांवर दाविदाचे नाव आहे, १२ आसाफाच्या नावावर, दोन शलमोनाच्या, एक मोशेच्या. ज्यांवर काहीच लिहिलेले नाही अशी तिसाहून जास्त आहेत. अभंगाखाली ‘चाल अमुकाची’ लिहिलेले असले म्हणून अभंगाचा विषय समजत नाही, तितपतच या शिरोलेखांची मदत. दाविदाच्या आयुष्यातला ठरावीक प्रसंग सांगणारे शिरोलेख फक्त १३. त्यांतला ५१ व्या स्तोत्राचा सर्वांत बोलका: बथशेबा प्रकरणानंतर नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर त्याचे पाप सांगायला आला, तेव्हाचे हे स्तोत्र. तिथे विषय शोधावा लागत नाही. पश्चात्ताप.

दुसरी सोपी वाट म्हणजे स्तोत्रातली गाजलेली ओळ उचलायची आणि तिलाच विषय ठरवायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरांनी ही वाट फार रुळवली आहे. १२६ व्या स्तोत्रात रडत पेरणी करणारा आणि आनंदाने पेंढ्या घेऊन परतणारा शेतकरी येतो. वर्धा जिल्ह्यात, जिथे कापूस-सोयाबीनच्या पेरणीपासूनच डोक्यावर कर्ज असते, तिथे हे चित्र काळजाला भिडणारच. पण स्तोत्र शेतीचे नाही. ते बंदिवासातून परतलेल्या लोकांचे आहे. पहिला भाग परतीचे स्वप्नवत सुख आठवतो, मधली मागणी सांगते की अजून सगळे ठीक झालेले नाही, आणि पेरणी त्या मागणीला दिलेला दाखला म्हणून येते. पाऊस, ओलावलेले तास, धान्याने झाकलेली खोरी यांचे खरेखुरे स्तोत्र हवे असेल तर ते ६५ वे. कॅलेंडरवर मात्र त्याचा नंबर क्वचितच लागतो.

२३ व्या स्तोत्राचीही तीच कथा. मेंढपाळाचे हे स्तोत्र अंत्यविधीत इतके म्हटले गेले आहे की ते मरणाबद्दलचेच आहे असा समज पक्का झाला. सहा वचने आहेत. पहिल्या चारांत मेंढपाळ आहे, पुढे एकदम चित्र बदलते आणि यजमान येतो: ताट वाढलेले, पेला भरलेला, शत्रू समोर उभे राहून पाहताहेत. मृत्यूची छाया मधल्या एका वचनात येते आणि जाते. आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीला परमेश्वराबद्दल बोलणारा माणूस नेमक्या त्या अंधाऱ्या दरीत पोचल्यावर परमेश्वराशी बोलू लागतो. ‘तो’चा ‘तू’ होतो. हे विश्वासाचे स्तोत्र आहे; मरणाच्या दारात ते कामी येते ही त्याची पुढची गोष्ट.

या गोंधळातून वाट काढणारा माणूस जर्मन होता. हेरमान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांना आधी त्यांची जात विचारली. कोण बोलतो आहे, एकटा माणूस की जमाव? कोणत्या प्रसंगी? सुरुवात कशी, शेवट कसा? १९२६ मध्ये त्यांचे स्तोत्रांवरचे भाष्य आले. वर्गीकरणाचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर शिष्य योआखिम बेग्रिख यांनी १९३३ मध्ये पुरा केला. त्यात स्तुतिगीत, एकट्याचे गाऱ्हाणे, समाजाचे गाऱ्हाणे, उपकारस्तुती, राजगीत असे मुख्य प्रकार ठरले. शिवाय ज्ञानपर, यात्रेची, इतिहासकथनाची अशी छोटी घराणी. स्तोत्राचा प्रकार कळला की विषयाचे अर्धे काम झाले, कारण प्रत्येक प्रकाराचा ठरलेला साचा असतो आणि कवी तो कुठे पाळतो, कुठे मोडतो हे दिसू लागते.

मराठी वाचकाला हे शिकवायला जर्मन पंडिताची गरज खरे तर पडू नये. काकड आरती कोणती, गौळण कोणती, विराणी कोणती आणि भारूड कोणते हे वारकऱ्यांच्या घरातले पोरही कानाने ओळखते. गाथ्यांच्या आवृत्त्यांत ‘करुणापर’ असा अभंगांचा वेगळा गट लावलेला असतो. तोच कान स्तोत्रांना लावायचा.

तो लावला की पहिला धक्का बसतो. स्तोत्रसंहिता म्हणजे देवाच्या स्तुतीचे पुस्तक, ही सर्वसाधारण समजूत. हिब्रू परंपरेतले तिचे नावही स्तुतीचेच. प्रत्यक्षात एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. आजारी माणूस, खोट्या आरोपात सापडलेला माणूस, मित्राने दगा दिलेला माणूस (५५ वे वाचावे), हरलेली सेना, उद्ध्वस्त शहर. आणि गाऱ्हाणे कुणा तिसऱ्याकडे नाही, थेट देवाकडे, कधी कधी देवाविरुद्धच. विठोबाशी भांडणाऱ्या जनाबाईच्या, रुसणाऱ्या नामदेवांच्या आणि देवाला खडे बोल ऐकवणाऱ्या तुकोबांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला या सलगीचे नवल वाटणार नाही. नवल वाटते ते उपासनेत केवळ गोड-गोड स्तोत्रे निवडणाऱ्यांचे.

गाऱ्हाण्याचा साचा जवळून पाहायचा तर १३ वे स्तोत्र घ्यावे. ते सहाच वचनांचे आहे आणि इतके नेटके की जणू नमुन्यादाखल ठेवले असावे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चारदा येतो. पण तो चारदा सारखा येत नाही. आधी रोख देवाकडे: तू विसरलास, तोंड फिरवलेस. मग स्वतःकडे: मनात रोज दुःख घोळवत बसायचे ते किती? मग शत्रूकडे: तो माझ्यावर वरचढ झाला. देव, मी आणि तो, असे दुःखाचे तीन कोन दोन वचनांत मांडून झाले. पुढची दोन वचने मागणीची. पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. आणि मागणीबरोबर कारणेही दिली आहेत: नाहीतर मी मरेन, नाहीतर शत्रू फुशारेल. देवाला पटवून देण्याचा हा वकिली सूर गाऱ्हाण्यांत नेहमी सापडतो. शेवटच्या दोन वचनांत एकाएकी विश्वास, आनंद आणि गाणे.

मध्ये काय घडले? काहीच सांगितलेले नाही. शत्रू गेला की दुखणे बरे झाले, याचा पत्ता नाही. बेग्रिख यांनी १९३४ मध्ये तर्क मांडला की मंदिरात अशी प्रार्थना झाल्यावर याजक देवाच्या नावाने अभय देत असावा. ते शब्द स्तोत्रात लिहिले गेले नाहीत, पण त्यांचा परिणाम शेवटच्या वचनांत दिसतो. काहींना वाटते की बोलता बोलताच माणसाचे मन बदलते, त्याला याजक लागत नाही. वाद मिटलेला नाही आणि मिटायची गरजही नाही. विषय ओळखणाऱ्याने एवढेच धरावे की स्तोत्राचा अर्थ या वळणात असतो. पहिली दोन वचने वाचून ‘निराशा’ असे लिहिणारा जितका चुकतो, तितकाच शेवटची दोन वाचून ‘आनंद’ लिहिणाराही.

२२ व्या स्तोत्रात हेच वळण फार मोठ्या पटावर येते. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले स्तोत्र म्हणून ते जगाला ठाऊक आहे. पण ते ज्या एकाकीपणाच्या हाकेने सुरू होते तिथे संपत नाही, भरल्या मंडळीत, ताटावर बसलेल्या गरिबांत आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत जाते. याउलट ८८ वे. हेमानाच्या नावावरचे हे स्तोत्र रात्रंदिवस हाक मारते, कबरेच्या काठावर उभे असते, मित्र दुरावल्याचे सांगते आणि अंधारात थांबते. वळण नाही. दीडशेत असे काळेभोर गाऱ्हाणे दुसरे नाही. ज्यांनी हा संग्रह बांधला त्यांनी ते गाळले नाही, की त्याच्या शेवटाला आशेचे ठिगळ लावले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाचा यापेक्षा मोठा पुरावा शोधायला नको.

वर्ध्याच्या परिसरात ही स्तोत्रे पोचली ती बरीचशी गळ्यातून. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या काळातल्या त्यांच्या चर्चमध्ये उपासनेत माणसांनी रचलेली गीते नव्हती. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रग्रंथातली छंदोबद्ध स्तोत्रेच गायची, तीही दीडशेच्या दीडशे. हिस्लॉप भूगर्भशास्त्रज्ञ म्हणूनही नावाजले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले. वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यांच्या मिशनचे केंद्र पुढे वर्धा शहरातही उभे राहिले. स्तोत्रेच गाणाऱ्यांच्या परंपरेचा एक फायदा असतो. आवडते पंचवीस निवडता येत नाहीत. ८८ वे आले की तेही गावे लागते.

सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर वेगळा सूर होता. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले. गावाचे सेवाग्राम हे नाव १९४० चे. पहाटे आणि संध्याकाळी उघड्या आकाशाखाली होणाऱ्या सर्वधर्म प्रार्थनेत ईशावास्य, स्थितप्रज्ञाची लक्षणे, कुराणातली आणि पारशी प्रार्थना, बौद्ध मंत्र, मग भजन. साबरमतीच्या काळात पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी जुळवलेल्या आश्रम भजनावलीत ख्रिस्ती गीतेही होती. गांधीजींच्या आवडीचे ‘अबाइड विथ मी’ हे त्यांपैकी सर्वांना माहीत असलेले. प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीटमध्ये त्याची धून २०२२ पर्यंत दर वर्षी वाजत असे, त्या वर्षी ती काढली. ते गीत लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे दुसरे एक काम मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही आणि इथे नेमके तेच कामाचे आहे.

१८३४ मध्ये लाइट यांनी ‘द स्पिरिट ऑफ द साम्स’ हे पुस्तक काढले. शब्दशः भाषांतर करायचे नाही. प्रत्येक स्तोत्राचा आत्मा हेरायचा आणि तो थोड्या कडव्यांत गाता येईल असा बांधायचा, असा त्यांचा बेत. विनोबांच्या सारग्रंथांशी या बेताचे नाते चटकन दिसते. १०३ व्या स्तोत्रावरचे त्यांचे स्तुतिगीत आजही इंग्रजी चर्चमध्ये गाजते. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे काही स्तोत्रांना त्यांनी एकाहून अधिक रूपे दिली. प्रत्येक स्तोत्राचा एकच गाभा काढायला बसलेल्या माणसाला एकाच स्तोत्रात दोन-दोन गाभे सापडले!

याचे कारण स्तोत्रांच्या बांधणीतच आहे. १९ वे स्तोत्र पाहावे. पहिली सहा वचने आकाशाची: दिवस दिवसाला सांगतो, सूर्य नवरदेवासारखा मांडवातून निघतो, धावपटूसारखा धावतो, त्याच्या उष्णतेपासून काही लपत नाही. वैशाखातल्या वर्ध्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सातव्या वचनापासून आकाश गायब आणि नियमशास्त्र सुरू. दोन वेगळी स्तोत्रे चिकटवली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत. असेलही. पण ज्याने ती चिकटवली त्याला त्यांत एक धागा दिसला असणार: आकाश न बोलता सांगते, शास्त्र बोलून सांगते, आणि सूर्यापासून जसे काही लपत नाही तसे शास्त्रापासून माणसाचे लपलेले दोषही लपत नाहीत. शेवटी म्हणूनच माणूस आपल्या नकळत झालेल्या चुकांची माफी मागतो. ‘निसर्ग’ असा एका शब्दाचा मथळा इथे अपुरा पडतो.

उलट उदाहरणही आहे. १०८ वे स्तोत्र ५७ व्या आणि ६० व्या स्तोत्रांचे शेवटचे तुकडे जोडून केलेले आहे. दोन्ही तुकड्यांच्या आधी मुळात संकटाचे रडगाणे होते. ते कापून टाकल्यावर तेच शब्द लढाईला निघालेल्यांच्या आत्मविश्वासाचे झाले. शब्द जुने, विषय नवा. १४ वे आणि ५३ वे तर जवळजवळ एकच स्तोत्र, पण ५३ व्यात एक वचन बदलले आहे, आणि त्या एका वचनामुळे गरिबाला धीर देणारे स्तोत्र वेढा घालणाऱ्या शत्रूच्या पराभवाचे होते.

म्हणजे स्तोत्राचा विषय ठरतो तो शेजाऱ्यांवरूनही. दीडशे स्तोत्रांचे पाच भाग पूर्वीपासून पडलेले आहेत: ४१, ७२, ८९ आणि १०६ या स्तोत्रांच्या शेवटी स्तुतीचे एकेक वचन येते आणि भाग संपतो. ७२ व्याच्या अखेरीस दाविदाच्या प्रार्थना संपल्या असेही लिहिले आहे. त्यानंतर दाविदाच्या नावाची १८ स्तोत्रे येतात, हा भाग वेगळा. १९८५ मध्ये गेराल्ड विल्सन यांच्या अभ्यासाने या मांडणीकडे लक्ष वेधले. ७२ वे राजाचे: त्याने गरिबाला न्याय द्यावा, नाडलेल्याचे रक्त त्याला मोलाचे वाटावे, ही राज्याची कसोटी. (मगनवाडीच्या मंडळींना हे स्तोत्र आपलेच वाटले असते.) ८९ व्यात तेच राजघराणे धुळीला मिळालेले आहे आणि दिलेल्या वचनाचे काय झाले, असा जाब देवाला विचारला आहे. आणि पुढचे पान उलटले की मोशेच्या नावाचे ९० वे: माणसाचे आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षे, राजे येतात-जातात, आसरा देवाचाच. एकटे वाचले तर ९० वे क्षणभंगुरतेवरचे चिंतन. ८९ व्याच्या मागोमाग वाचले तर कोसळलेल्या राष्ट्राला दिलेले उत्तर. दोन्ही खरे.

यात्रेच्या स्तोत्रांना मात्र महाराष्ट्रात फार स्पष्टीकरण लागू नये. १२० ते १३४ ही १५ स्तोत्रे यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. बहुतेक छोटी, पाठ व्हायला सोपी, चालता चालता म्हणण्याजोगी. सुरुवात परक्या, भांडकुदळ मुलखात होते (१२०). मग डोंगराकडे नजर जाते आणि रस्त्यात पाय घसरू न देणाऱ्या राखणदाराची आठवण होते (१२१). मग वेशीत पाय पडल्याचा आनंद (१२२). मध्ये घर, मुलेबाळे, घाम गाळून खाल्लेली भाकर (१२७, १२८). खोल गर्तेतून मारलेली क्षमेची हाक (१३०). आईच्या कुशीत शांत झालेल्या लेकरासारखे मन (१३१). भावांनी एकत्र नांदण्याचे तीन वचनांचे सुख (१३३). आणि शेवटी रात्री मंदिरात उभ्या सेवकांचा निरोप (१३४). दिंडीत चाललेल्या माणसाच्या मनात पंधरा दिवसांत जे जे येते-जाते ते सगळे इथे आहे. भक्तीबरोबर संसार आहे, शेजाऱ्याचा ताप आहे. सुटे-सुटे विषय नोंदवले तर पंधरा मथळे मिळतात, चालत वाचली तर एक वारी मिळते.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, बेने इस्राएलांना, ही स्तोत्रे आणखी एका अंगाने ठाऊक आहेत. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे. ज्यू परंपरेत आठवड्याच्या प्रत्येक वाराला स्तोत्र ठरलेले असते: रविवारी २४ वे, सोमवारी ४८ वे, असे करत शब्बाथाला ९२ वे. पूर्ण संहिता आठवड्यात किंवा महिन्यात वाचून काढण्याच्या वाटण्याही आहेत, आणि वल्हांडणाला ११३ ते ११८ या सहांचा गट. इथे विषय विचारत बसायचे नसते. वार आणि सण तो ठरवतात. मराठी प्रोटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’ हाताशी असते. त्यात ज्यांची अनेक गीते आहेत ते नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती होण्याआधी नागपूर-राजनांदगावकडेच होते. अभंगाचा सूर ख्रिस्ती उपासनेत रुजला तो त्यांच्यासारख्यांमुळे, आणि त्या सुरात वाढलेल्यांना स्तोत्रांतले आर्जव परके वाटत नाही.

आता अवघड भाग. सार काढणाऱ्याचा हात कडू जागी अडखळतो. १३७ वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसलेल्या निर्वासितांचे. इसवी सनापूर्वी ५८७-८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, लोक पकडून नेले, आणि वर पकडणाऱ्यांनीच गाणे म्हणायची फर्माईश केली. १९७८ मध्ये बोनी एमच्या गाण्याने त्याचे शब्द जगभर नाचवले. गाण्यात शेवट अर्थातच नाही, कारण मूळ स्तोत्राच्या शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल असे भयानक काही म्हटले आहे की वाचणाऱ्याचा आवाज बसावा. ५८, ८३ आणि १०९ हीही शापांची स्तोत्रे. कॅथलिक चर्चने १९७१ च्या नव्या प्रहर-प्रार्थनेतून ही तिन्ही वगळली, १३७ व्याचाही शेवट वगळला.

वगळण्यामागची अडचण समजण्यासारखी आहे. सर्व धर्मांतले उत्तम ते वेचायचे, ही वर्ध्याची सार-परंपराही याच दिशेने जाते, आणि रोजच्या प्रार्थनेसाठी ते ठीकच. पण विषय ओळखायचा असेल तर गाळून चालत नाही. १३७ व्याचा विषय ‘घरची आठवण’ असे लिहून मोकळे होता येत नाही. आठवण आणि सूड यांची तिथे गाठ पडली आहे. सूडाची मागणी माणूस स्वतः हत्यार उचलून पुरी करत नाही, देवासमोर ओकतो, एवढा फरक मात्र नोंदवावा लागतो. ज्याने लूट, जाळपोळ, पोरांची कत्तल पाहिली त्याच्या प्रार्थनेत राग नसावा ही अपेक्षा सुखवस्तूंची आहे.

गुंकेलनंतर वर्गीकरणे बरीच झाली. नॉर्वेच्या सिगमुंड मोविंकेल यांनी अनेक स्तोत्रांचे मूळ मंदिरातल्या वार्षिक उत्सवात शोधले. अमेरिकेच्या वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८४ मध्ये सोपी तिहेरी मांडणी केली: घडी नीट बसलेली असतानाची स्तोत्रे, घडी विस्कटल्यावरची, आणि विस्कटून पुन्हा नव्याने बसल्यावरची. सामान्य वाचकाला ही शेवटची मांडणी सर्वांत उपयोगी पडेल. ८ वे, जे पोप सहावे पॉल यांच्या संदेशात अपोलो ११ बरोबर चंद्रावर ठेवले गेले, ते पहिल्या गटातले: आकाश पाहून माणसाच्या लहानपणाचे आणि मोठेपणाचे एकदम नवल करणारे. १३ वे, ८८ वे दुसऱ्या. ३० वे, ज्यात बरा झालेला माणूस आपल्या जुन्या मस्तीचीही कबुली देतो, तिसऱ्या.

कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहायचे असेल तर पहिल्या स्तोत्रापासून सुरुवात करू नये. आठवड्याभरात हात थकतो. ७३ वे घ्यावे. दुष्टांचे भले का होते आणि सरळमार्गी माणसाच्या नशिबी रोजची ठेच का, हा त्यातला प्रश्न कुठल्याही तहसील कचेरीच्या रांगेत ऐकू येतो. आधी मोठ्याने वाचावे. छापील मथळा हाताने झाकावा. बोलणारा कोण, तो कुणाशी बोलतो, आणि ‘तो’चा ‘तू’ कुठे होतो तिथे खूण करावी. १७ व्या वचनापाशी थांबावे, कारण सगळे तिथे फिरते. मग आपल्या शब्दांत एक वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात खुणेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही आले की नाही ते तपासावे. न आल्यास वाक्य बदलावे, स्तोत्र नव्हे.